अवयवदानाचा फॉर्म भरायचा का? त्याआधी घरात काय बोलून ठेवावं लागतं

लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावचे विलासराव देशमुख दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री झाले. केंद्रात मंत्री असतानाच १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही निकामी झाले होते, प्रत्यारोपणाची वाट पाहणं चालू होतं. पैसा, ओळखी, मोठे डॉक्टर यातलं काहीच कमी नव्हतं. कमी पडला तो वेळेत मिळणारा अवयव. तो बाजारात मिळत नाही, कारखान्यात तयार होत नाही. कुणाच्या तरी घरात माणूस गेल्यावर, त्या घरातल्या लोकांनी हो म्हटलं तरच तो मिळतो.

दरवर्षी ऑगस्ट महिना आला की अवयवदानाचे मेसेज फिरायला लागतात. ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिवस असतो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं, म्हणून हा दिवस. शाळेत शपथ होते, ग्रामपंचायतीत बॅनर लागतो, पोरं मोबाईलवर फॉर्म भरून प्रमाणपत्र स्टेटसला ठेवतात. मग प्रश्न येतो, हा फॉर्म भरला म्हणजे नेमकं काय झालं? आपण मेल्यावर कुणी घरी येऊन अवयव काढून नेणार का? दवाखान्यात गेलो तर डॉक्टर आपल्याला वाचवायचं सोडून किडनीकडे बघणार का? म्हाताऱ्या माणसाचं काही घेतात का? यातले बरेच प्रश्न लोक विचारत नाहीत, मनात ठेवतात आणि फॉर्म तसाच राहतो.

निर्णय कुठे होतो

एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे. बाजार करून पोरगा रात्री मोटारसायकलवर घरी निघाला. पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. १०८ ची गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला, तिथून शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूत. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बोलावून सांगतात, मेंदू मृत झालाय.

त्या वेळी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कोण असतं? बाप, चुलता, एखादा मेहुणा, गावातली दोन जाणती माणसं. आई गावाकडे असते आणि तिला "पाय मोडलाय, बरा आहे" एवढंच सांगितलेलं असतं. बायको माहेरच्या माणसांच्या गराड्यात. बापाला काच्यामागे पोरगा दिसतोय, छाती वरखाली होतीय, अंग गरम आहे, मॉनिटरवर हृदयाची रेघ पळतीय. आणि प्रत्यारोपण समन्वयक नावाचा एक माणूस येऊन हळू आवाजात विचारतो, अवयवदानाचा विचार करता का?

खरा निर्णय इथे होतो, मोबाईलवरच्या फॉर्मवर नाही. हातात काही तास असतात. चुलता म्हणतो नको, मेहुणा म्हणतो आईला विचारल्याशिवाय नको, गावातला एकजण म्हणतो डॉक्टर पैसे खातात. बापाला काहीच सुचत नाही. अशा वेळी एकच गोष्ट उपयोगी पडते. पोरगा कधी जेवताना, रानात, टीव्ही बघताना बोललेला असतो, "मला काय झालं तर माझं सगळं देऊन टाका" किंवा "मला नाही आवडत, माझ्या अंगाला हात लावू देऊ नका". दोन्हीपैकी कुठलंही वाक्य माहीत असलं तर बापाला स्वतःच्या मनाने ठरवावं लागत नाही. तो फक्त पोराचं म्हणणं पुढे सांगतो. न बोललेल्या घरात मात्र हा भार बापाच्या खांद्यावर येतो आणि हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, पुढे आयुष्यभर तो मनात उलटसुलट करत बसतो.

समन्वयकाबद्दल लोकांना राग येतो, मेल्यावर टपून बसलेत म्हणून. पण विचारणं हे त्याचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आयसीयूतल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं, माहिती देणं हे दवाखान्यावर बंधनकारक झालं. विचारलं म्हणजे जबरदस्ती नाही. "नाही" म्हटलं की विषय संपतो.

मेंदू मृत म्हणजे कोमा नव्हे

सगळा घोटाळा या एका ठिकाणी होतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

कोमात गेलेल्या माणसाचा मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो. असे रुग्ण कधी बरे होतात, कधी वर्षानुवर्षं पडून राहतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर त्या ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा श्वास स्वतःचा चालायचा, त्यांना भरवावं लागायचं. त्या मेंदू मृत नव्हत्या. अशा रुग्णाचे अवयव कुठलाही कायदा घेऊ देत नाही.

मेंदू मृत हा प्रकार वेगळा. मेंदूच्या खाली, मानेकडे जाणारा जो देठासारखा भाग असतो, तिथून श्वास चालवला जातो. डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की मेंदूला सूज येते, रक्तपुरवठा बंद होतो आणि तो देठ कायमचा मरतो. त्यानंतर माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. मग हृदय कसं धडधडतं? हृदयाला ठोक्याचा हुकूम त्याच्या स्वतःच्या आतूनच मिळतो. मशीनने ऑक्सिजन पोचवला तोवर ते चालतं. विहिरीवरची मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी थोडा वेळ पडत राहतं, तसंच हे. मशीन चालू ठेवलं तरी काही तासांत, फार तर काही दिवसांत हृदयही थांबतं. मेंदू मृत झालेला माणूस परत आल्याचं उदाहरण नाही. "परत आला" अशा ज्या बातम्या फिरतात त्यात चाचण्या नीट झालेल्या नसतात किंवा तो रुग्ण कोमातला असतो.

म्हणून चाचण्या कशा होतात हे माहीत असावं. एक डॉक्टर सांगून चालत नाही, चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. उपचार करणारे डॉक्टर, दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर, मेंदूविकाराचे तज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन, आणि सरकारने मान्यता दिलेल्या यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ. मेंदूचे तज्ज्ञ नसतील तर भूलतज्ज्ञ, फिजिशियन, सर्जन चालतात, तीही सोय कायद्यात आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा एकही डॉक्टर यात चालत नाही. डोळ्याच्या बाहुलीवर उजेड टाकून, बुब्बुळाला कापूस लावून, घशात नळी हलवून, कानात थंड पाणी सोडून काही हालचाल होते का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून माणूस स्वतःहून श्वास घेतो का ते बघतात. याला ॲप्निया टेस्ट म्हणतात. हे सगळं कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा करावं लागतं. दोन्ही वेळा काहीच आढळलं नाही तर फॉर्म १० वर सह्या होतात.

आपल्या भागातल्या लोकांनी यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मण्यार चावलेला माणूस हुबेहूब मेंदू मृत झाल्यासारखा दिसू शकतो. पापणी हलत नाही, बाहुली उजेडाला दाद देत नाही, श्वास बंद. पण तो विषाने आलेला लकवा असतो. व्हेंटिलेटर आणि उपचार वेळेत मिळाले तर असा माणूस ठणठणीत बरा होऊन घरी येतो. फवारणीच्या औषधाची विषबाधा, झोपेच्या गोळ्या, अंग फार गार पडणं, यातही फसगत होऊ शकते. म्हणूनच विष, औषध, थंडी यापैकी काही कारण नाही याची खात्री केल्याशिवाय चाचण्या करायच्या नाहीत असा नियम आहे. रानात रात्री झोपलेला माणूस सकाळी बेशुद्ध सापडला असेल, साप दिसला नसेल, तरी दवाखान्यात ते सांगावं. मण्यारचा दंश कित्येकदा दिसतही नाही. कारण कळलेलं नसताना कुणी घाईने मेंदू मृत म्हणत असेल तर नातेवाइकांनी विचारावं, पुन्हा विचारावं. दोन्ही चाचण्यांच्या वेळा, चौघा डॉक्टरांची नावं समजून घ्यावीत. यात कुणाचा अपमान होत नाही.

काय देता येतं, कुणाला जातं

मेंदू मृत झालेला एक माणूस आठ अवयव देऊ शकतो. हृदय, दोन फुफ्फुसं, यकृत, दोन किडन्या, स्वादुपिंड, आतडं. शिवाय डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा. हातसुद्धा. रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या मुंबईच्या एका तरुणीला २०२० मध्ये चेन्नईतल्या मेंदू मृत दात्याचे हात बसवले गेले. काय द्यायचं, काय नाही, हे घरचे ठरवू शकतात. किडनी द्या पण डोळे नको, असं म्हणता येतं. फॉर्मवर तसं लिहिता येतं.

घाई का असते, तर काढलेला अवयव टिकत नाही. हृदय चार ते सहा तास, यकृत बारा तासांच्या आसपास, किडनी एक दिवस किंवा थोडी जास्त. म्हणून पोलीस रस्ता मोकळा करतात, ज्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात.

अवयव कुणाला द्यायचा हे दवाखाना ठरवत नाही आणि घरचेही ठरवू शकत नाहीत. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, त्यांना झेडटीसीसी म्हणतात. रुग्णांची प्रतीक्षा यादी त्यांच्याकडे असते. रक्तगट, आजाराची तातडी, किती दिवसांपासून नाव आहे, अंतर, असं बघून नाव निघतं. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला आणि घेणाऱ्याचं देणाऱ्याला सांगत नाहीत. काही घरांना हे फार खटकतं, आपल्या पोराचं हृदय कुठे धडधडतंय ते बघावंसं वाटतं. पण पुढे पैशाची मागणी, मिंधेपणा, भांडणं होऊ नयेत म्हणून हा नियम केलेला आहे.

अवयव श्रीमंतालाच जातात, ही तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाही. यादी नियमाने चालते हे खरं, पण यादीत नाव लावायलाच प्रत्यारोपण करणारा दवाखाना गाठावा लागतो आणि पुढची औषधं जन्मभर घ्यावी लागतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला एसटीने जिल्ह्याला जाणारा माणूस तिथवर पोचेपर्यंत थकलेला असतो. सरकारी योजनांतून मदत मिळते, तरी गरिबाची वाट लांबचीच. तरीही अवयवच कमी असले तर त्याचा नंबर अजून मागे जातो, हेही तितकंच खरं. २०२३ मध्ये देशभरात मिळून मृत्यूनंतर अवयव देणारे हजाराच्या थोडे वर होते. त्या वर्षी प्रत्यारोपणं झाली १८ हजारांवर. म्हणजे बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले. त्यातही देणाऱ्या जास्त करून बायका, आई, बहिणी आणि घेणारे जास्त करून पुरुष. मेल्यावर कुणी देत नाही म्हणून जिवंतपणी बाईला पोट चिरून घ्यावं लागतं, असाही या आकड्यांचा अर्थ निघतो.

जिवंतपणी देणं हा वेगळा विषय आहे, त्यावर इथे एवढंच. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक मानले जातात. बाहेरच्या माणसाला समितीची परवानगी लागते. किडनी विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड. कर्ज फेडायला किडनी विकून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तो विकणाऱ्यालाही सोबत तुरुंगात नेतो.

खर्च, पीएम आणि माती

बाकड्यावरची माणसं समन्वयकाला जे विचारायला लाजतात, ते हे प्रश्न.

संमती दिल्यानंतर अवयव नीट राखण्यासाठी आणि काढण्यासाठी जो खर्च येतो तो दात्याच्या घरच्यांकडून घेता येत नाही, नियमातच तसं आहे. त्याआधीच्या उपचाराचं बिल मात्र असतंच. तेव्हा संमतीच्या कागदावर सही करण्याआधी बिल कुठल्या वेळेपर्यंतचं लागणार हे स्पष्ट विचारून घ्यावं. बदल्यात पैसे मिळत नाहीत. कुणी देऊ केले तर तो गुन्हा.

अपघाताची केस असली की पोलीस पंचनामा आणि पीएम होतंच. अवयवदान केलं म्हणून पीएम टळत नाही, अडतही नाही. पोलिसांना आधी कळवून दोन्हीचा मेळ घालता येतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्या प्रस्तावाला लागणारा पीएम अहवाल अवयवदानानंतरही मिळतो. हे सांगायचं कारण, "दान केलं तर अनुदान बुडेल" असं कुणीतरी बाकड्यावर बोलतंच.

वेळ लागतो, हे खरं आहे आणि ते आधीच सांगितलेलं बरं. संमतीपासून मयत ताब्यात मिळेपर्यंत बारा तास, कधी पूर्ण दिवसही जातो. गावात पाहुणे जमलेले असतात, चूल पेटलेली नसते, लेकी रडून थकलेल्या असतात. गावातल्या एकाने फोनवर वेळ कळवत राहण्याची जबाबदारी घेतली तर घरच्यांना तेवढा त्रास कमी.

मयत बेढब दिसत नाही. एरवी ऑपरेशननंतर घालतात तसे टाके घालून, स्वच्छ करून, कापडात देतात. अंघोळ घालता येते, दर्शनाला ठेवता येतं. जाळायचं असो की पुरायचं, सगळे विधी होतात. सावडणं, दहावा, तेरावा यात काही फरक पडत नाही.

धर्माला चालतं का

पुराणात दधीची ऋषींनी वज्र बनवायला स्वतःची हाडं दिल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. कीर्तनात ती ऐकून मान डोलावणारे, डोळे देताना मात्र "पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल" म्हणतात. चितेवर डोळेही जळतातच, मग सगळेच आंधळे जन्मायला हवेत. मुस्लिम समाजात जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत. काही परवानगी देतात, काही देत नाहीत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मौलानांना आत्ताच, घरात सगळे धडधाकट असताना विचारून ठेवावं. ख्रिस्ती धर्मगुरूंनी अवयवदानाला पाठिंबा दिलेला आहे.

आणि कुणाला नकोच वाटत असेल तर तेही चुकीचं नाही. दान म्हणजे मनाने दिलेलं. म्हाताऱ्या आईने "माझं शरीर आहे तसं जाऊ द्या" म्हटलं असेल तर मुलाने सुधारकपणा दाखवायला तिचे डोळे देऊ नयेत. तिचं नाही म्हणणंही घरात सगळ्यांना माहीत असायला हवं.

गावात मरणाऱ्यांसाठी नेत्रदान

वरचं सगळं वाचून एक गोष्ट ध्यानात आली असेल. हृदय, किडनी, यकृत द्यायचं तर माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर मेंदू मृत व्हावा लागतो. गावात बहुतेक माणसं घरी खाटेवर जातात. हृदय थांबलं की काही वेळातच हे अवयव निकामी होतात. घरी मरण आलेल्याची किडनी कुणी नेत नाही, नेऊ शकत नाही. तेव्हा फॉर्म भरलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या बाबतीत अवयवदानाची वेळ येते.

डोळ्यांचं तसं नाही. घरी, म्हातारपणाने गेलेल्या माणसाचेही डोळे चालतात. सत्तरी-ऐंशीचा असो, चष्मा असो, मोतीबिंदू काढलेला असो, शुगर-बीपी असो. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असे आजार असतील तर चालत नाही, ते डॉक्टर बघतात. आधी फॉर्म भरलेला नसला तरी वारसांनी संमती दिली की पुरतं. ग्रामीण भागात खरोखर होण्यासारखं दान हे आहे. त्यावर बॅनर कमी लागतात, एवढंच.

फक्त सहा तासांची मुदत असते. मयत झाल्याबरोबर पाहुण्यांना फोन करायच्या आधी जवळच्या नेत्रपेढीला किंवा जिल्हा रुग्णालयाला फोन करावा. पंखा बंद करावा. पापण्या मिटवून वर ओला स्वच्छ कापूस ठेवावा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवावं. मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांचा कागद तयार ठेवावा. टीम घरी येते, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, रक्ताचा थोडा नमुना घेतात. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात. दोन डोळ्यांवर दोन माणसांना दिसू शकतं. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. त्या वेळी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घेऊन घरातल्या दोन-तीन मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवला तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही. लांबच्या वाडी-वस्तीवर टीम सहा तासांत पोचेल का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

देहदान हे आणखी निराळं. त्यात पूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला मुलांच्या शिक्षणासाठी दिलं जातं. मयत घरच्यांनी तिथवर न्यावी लागते, अंत्यविधी होत नाही, पीएम झालेलं किंवा अवयव काढलेलं शरीर सहसा घेत नाहीत. डोळे देऊन मग देहदान करता येतं. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे अवयवदान झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. दोन्हीचे फॉर्म वेगळे, जागा वेगळ्या.

फॉर्म कसा भरायचा

अठरा वर्षांपुढचा कुणीही प्रतिज्ञा करू शकतो. नोट्टो या केंद्र सरकारच्या संस्थेची वेबसाइट आहे, तिथे आधारवर नोंदणी होते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, कुठले अवयव द्यायचे त्यावर टिक करायची, कार्ड डाउनलोड होतं. पैसे लागत नाहीत. अवयवदानाच्या नावाने फोन करून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये, सरकारी माणूस असा फोन करत नाही. नेट जमत नसेल तर कागदी फॉर्म ७ भरता येतो. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. माहितीसाठी नोट्टोचा टोल फ्री नंबर १८००११४७७० आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातही अवयवदानाला तयार आहात का असा प्रश्न असतो. सायबर कॅफेवाला न विचारताच तिथे हो किंवा नाही टाकून मोकळा होऊ शकतो, म्हणून अर्ज भरताना स्वतः बघावं.

एवढं झाल्यावरही दवाखान्यात घरच्यांची सही लागतेच, फॉर्म ८ वर. लेखी प्रतिज्ञेला कायद्यात किंमत आहे, पण घरचे नको म्हणत असताना डॉक्टर अवयव काढत नाहीत. म्हणूनच साक्षीदाराच्या जागी बायकोची, नवऱ्याची किंवा भावाची सही घ्यावी. म्हणजे निदान त्या निमित्ताने विषय निघतो. वय अठराच्या आत असेल तर आई-वडील संमती देतात.

कार्ड पाकिटात ठेवावं आणि एक प्रत घरात सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं जिथे असतात त्या पिशवीत. पुढे मन बदललं तर वेबसाइटवर लॉगिन करून प्रतिज्ञा रद्द करता येते, कागदी कार्ड फाडून टाकता येतं. कारण कुणी विचारत नाही. घरच्यांना मात्र तेही सांगावं लागतं, नाहीतर ते बिचारे जुन्याच शब्दावर सही करतील.